शरणपूरची आफ्रिकन पोरं

देवळा, कळवण, सटाण्याकडून एसटीने नाशिकला आलेला माणूस ठक्कर बाजारला उतरून कॅनडा कॉर्नरकडे निघाला की शरणपूर रोडला लागतो. दवाखाने, दुकानं, क्लासच्या पाट्या आणि रिक्षांची रेटारेटी यांतून चालताना शरणपूर हे कधीकाळी नाशिकबाहेरचं वेगळं गाव होतं, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नाही. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५४ मध्ये ते वसवलं. धर्मांतरामुळे घरादारातून बाहेर पडलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आसरा मिळावा, हा त्याचा हेतू होता. सहा-सात वर्षांत मात्र या गावाला आणखी एक, कुणी कल्पनाही केली नसेल अशी वस्ती मिळाली. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून नेलेली, समुद्रावर सोडवलेली मुलं आणि मुली गोदाकाठी राहायला आली.

आफ्रिकी माणूस महाराष्ट्राला नवा नव्हता. गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार हाकला, मुघलांना जेरीस आणलं आणि पुढे औरंगाबाद झालेलं खडकी शहर वसवलं. जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर मराठ्यांना शेवटपर्यंत दाद दिली नाही. पण ते तलवारीच्या जोरावर वर चढलेले लोक होते. शरणपूरला आलेल्या पोरांकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नव्हतं, आणि ते कपडेही मिशनने दिलेले होते.

ही पोरं थेट नाशिकपर्यंत कशी पोहोचली, हे कळायला झांझिबारकडे पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानांनी त्या बेटावर लवंगेचे मळे उभे केले. मळ्यांना मजूर हवे होते. ते पुरवण्यासाठी आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानियातल्या गावांवर धाडी पडत. याओ जमातीतले कित्येक सरदार स्वतःच या व्यापारात होते आणि त्याच जमातीची पोरंही विकली जात होती. किनाऱ्यावरच्या किलवा बंदरातून गलबतं भरत आणि झांझिबारला, तिथून अरबस्तान नि इराणच्या आखाताकडे निघत. व्यापाराला लागणारं भांडवल बरंचसं हिंदी होतं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. गुलाम-व्यापारात हिंदी सावकारांचा पैसा फिरतो, असं पुढे ब्रिटिश सरकारला उघडपणे सांगण्यात आलं, आणि कच्छच्या राव प्रागमलजींना झांझिबारमधल्या आपल्या प्रजेला त्याबद्दल ताकीद द्यावी लागली. मुंबईच्या बाजारातल्या समृद्धीचा एक धागा किलव्याच्या बाजारापर्यंत जात होता. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

इंग्रजांनी सुलतानाशी १८२२ आणि १८४५ मध्ये करार करून हा व्यापार आवळत आणला. आरमाराची जहाजं संशयित गलबतं अडवून गुलामांची सुटका करू लागली. सुटका झाली, पण पुढे काय? आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवलं तर आठवड्याभरात पुन्हा पकडले जाणार. म्हणून त्यांना एडनला नाहीतर मुंबईला आणत. मोठी माणसं गोदीत आणि आगबोटींच्या भट्टीवर कामाला लागत. पोरांची जबाबदारी सरकारने मिशनवर टाकली. १८६० च्या सुमारास शरणपूरला त्यांच्यासाठी आश्रम सुरू झाला.

आश्रमात सकाळी शाळा आणि मग कारखाना. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, थोडी शेती. कानावर मराठी नि हिंदुस्थानी, पुस्तकात इंग्रजी, रविवारी प्रार्थना. बाप्तिस्म्याबरोबर नवी नावं मिळाली, आणि ती वाचली की मिशनची हजेरीच समोर येते. चार्ल्स आयझेनबर्ग नावाचा जर्मन पाद्री मुंबईत होता, म्हणून एक पोरगा रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइससाहेबांवरून सायमन प्राइस. फरार नावाच्या पाद्र्याने नाशिकला पूर्वी काम केलं होतं, तर इथे केरस फरार. चेंग्विम्बे नावाचा याओ मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. त्याचं मूळ नाव टिकलं, कारण म्हातारपणी त्याची कहाणी कुणीतरी लिहून घेतली. इतर बहुतेकांची मूळ नावं गेली ती गेलीच.

याच काळात, १८६८ मध्ये, नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी मनू नावाची मुलगी जन्मली. पुढे तीच लक्ष्मीबाई टिळक झाली. धर्म बदलल्यावर माणसाचं घर, नाव, स्वयंपाक नि नाती कशी बदलतात, याचं तिच्या आत्मकथनाइतकं खरं वर्णन मराठीत दुसऱ्या कुणी केलेलं नाही. शरणपूरच्या एखाद्या आफ्रिकन मुलीने असं पुस्तक लिहिलं असतं तर! मुलींविषयीच्या नोंदी त्रोटक आहेत. अमक्याची बायको झाली, तमक्या वर्षी नवऱ्याबरोबर गेली, एवढंच.

परत जाण्याची सुरुवात १८६४ मध्ये झाली. मोंबासाजवळच्या रबाई गावात योहानेस रेबमान हा जर्मन पाद्री सोसायटीचं ठाणं जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. त्याला मदतनीस हवे होते. नाशिकहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे पत्नींसह त्याच्याकडे गेले. पुढच्या तीस वर्षांत या तिघांचं, त्यातही जोन्सचं, नाव किनाऱ्यावर गाजायचं होतं. त्या वर्षी मात्र त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही.

त्यानंतर आला डेव्हिड लिव्हिंग्स्टन. आफ्रिकेच्या अखेरच्या मोहिमेची तयारी त्याने मुंबईत केली. तेव्हा कापसाच्या पैशाने फुगलेला शहराचा फुगा नुकताच फुटला होता. आपली छोटी आगबोट विकून आलेले पैसे त्याने ज्या बँकेत ठेवले ती बुडाली. गव्हर्नर बार्टल फ्रियर मात्र त्याचा चाहता होता. सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन नाशिकला आला आणि शरणपूरच्या पोरांतून त्याने नऊ जण निवडले. एब्राहम परेरा, सायमन प्राइस, एडवर्ड गार्डनर, रूबेन स्मिथ, रिचर्ड आयझेनबर्ग, अँड्र्यू पॉवेल, जेम्स रटन, अल्बर्ट बराका आणि नथानिएल, ज्याला मब्रुकी म्हणत. चुमा नावाचा आणखी एक सोडवलेला मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता, तोही निघाला. जानेवारी १८६६ च्या आरंभी ‘थूल’ जहाज मुंबईहून झांझिबारकडे निघालं. सोबत मुंबईच्या पलटणीतले शिपाई होते आणि चक्क म्हशीही होत्या. त्सेत्से माशीपुढे त्या टिकतात का, हे लिव्हिंग्स्टनला पाहायचं होतं. त्या टिकल्या नाहीत.

नऊ जणांबद्दल लिव्हिंग्स्टनचं मत लवकरच बिघडलं. ही पोरं आळशी आहेत, ओझी उचलताना कां-कूं करतात, असं तो रोजनिशीत लिहू लागला. आयझेनबर्ग वाटेतच वारला. पण त्याच रोजनिशीत जुलै १८६६ मधली एक नोंद आहे, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग तोच आहे.

तांडा मटाका या याओ सरदाराच्या गावी थांबला होता. गर्दीत एब्राहम परेराला त्याचा मामा दिसला. इतक्या वर्षांनी, इतक्या दूर जाऊन आल्यावर, स्वतःचं माणूस! मामाकडून कळलं की एब्राहमला पकडून नेल्यावर त्याची आई आणि दोन्ही बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. इथेच राहा, असं मामा म्हणाला, आणखी एक मामा म्हणाला, खुद्द मटाकाही म्हणाला. लिव्हिंग्स्टननेही आग्रह केला आणि सुरुवातीला पोट भरेल इतका माल द्यायची तयारी दाखवली. एब्राहम ऐकेना. आई आणि बहिणीच उरल्या नसतील, तर त्या गावात राहण्यात त्याला काही अर्थ दिसत नव्हता. तो पुढे चालू लागला.

लिव्हिंग्स्टनने त्याखाली जे लिहिलं ते जास्त टोचतं. मटाकाकडे बैल होते आणि त्यांना नांगराला जुंपायची त्याची इच्छा होती. नाशिकला इतकी वर्षं राहिलेल्या एब्राहमला ते शिकवता येईना, कारण त्याला लोहारकाम शिकवलं होतं. लोखंड तयार मिळालं तर तो काम करणार. दगडातून लोखंड गाळण्याची आफ्रिकेतली विद्या मात्र त्याच्याकडे नव्हती. ती त्याच्या आजोबांच्या पिढीला येत असावी. त्याच नोंदीत लिव्हिंग्स्टनचा शेरा आहे की कुणी युरोपियन येऊन वसल्याखेरीज ही नाशिकची पोरं या मुलखात परतणार नाहीत.

गेलेली ओळख परत मिळवणं असं आपण सहज म्हणून जातो. पण कुठेतरी घर आहे, तिथे आपलं माणूस वाट पाहतंय आणि दार ठोठावलं की ते उघडेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. एब्राहमच्या समोर दार होतं, मामा होता, भाषाही थोडीफार आठवत होती. ज्यांच्यामुळे ते घर होतं तीच माणसं बाजारात विकली गेली होती. शरणपूरच्या आफ्रिकनांनी पुढे जे काही उभं केलं ते या अडचणीतून उभं केलं. त्यांना परंपरा परत मिळाली नाही. हाताशी होतं तेवढ्यातून त्यांनी ती जमवली, आणि त्यात नाशिकचा वाटा मोठा होता.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी नाशिकच्या पोरांची दुसरी तुकडी गेली. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन असे सहा जण. लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या स्टॅन्लीने पाठवलेल्या माणसांबरोबर ऑगस्टमध्ये ते लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाले. एडवर्ड गार्डनर पहिल्या तुकडीपासून त्याच्याजवळ टिकून होता. मे १८७३ च्या पहिल्या दिवसांत, आजच्या झांबियातल्या चिटांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन आजाराने गेला.

त्यानंतर जे झालं त्याला युरोपात निष्ठेची गोष्ट म्हणून फार गाजवलं गेलं. मुळात तो सामूहिक निर्णय होता आणि अतिशय धाडसी होता. प्रेत तिथेच पुरून किनाऱ्याकडे निघणं सोपं होतं. पण मग साहेबाचं काय केलंत, हा प्रश्न अंगाशी आला असता. आणि त्यापलीकडेही काही असणारच, ज्याची नोंद कुणी केलेली नाही. लिव्हिंग्स्टनचा जुना सेवक सूसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने प्रेत समुद्रापर्यंत न्यायचं ठरलं. झांझिबारला डॉक्टरच्या हाताखाली राहिलेल्या फरजालाने शरीर उघडलं, केरस फरार मदतीला होता. हृदय आणि आतडी पत्र्याच्या पेटीत घालून म्पुंडूच्या झाडाखाली पुरली. नाशिकला शिकलेल्या जेकबने इंग्रजीत अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव नि तारीख कोरली. देह मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात, मग झाडाच्या सालीत, मग शिडाच्या कापडात गुंडाळला आणि काठीला बांधला.

नऊ महिने आणि हजाराहून जास्त मैल ते चालले. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. मृत्यूची बातमी देणारं पत्र त्याच्या हाती पडलं, ते जेकबच्या अक्षरातलं होतं. इथेच पुरून टाका, असा सल्ला कॅमेरॉनने दिला. त्यांनी मानला नाही. पुढे कासेकेराला प्रेत घेऊन जाऊ देणार नाही, असं गावकऱ्यांनी ठणकावलं, तेव्हा त्यांनी नामी युक्ती केली. ज्वारीच्या ताटांची खोटी गुंडाळी करून पुरायला म्हणून सहा माणसं मागे पाठवली आणि ती रानात टाकून दिली. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून ते पुढे सटकले. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयो बंदर आलं. एप्रिलच्या मध्याला ‘माळवा’ आगबोट साउथॅम्प्टनला लागली. लंडनला सिंहाच्या हल्ल्यात मोडून नीट न जुळलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून डॉक्टरांनी देहाची ओळख पटवली.

देहाबरोबर मूळ तांड्यातला एकच माणूस इंग्लंडला पोहोचला होता, जेकब वेनराइट. त्याच्या प्रवासाचा खर्च सोसायटीने केला होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीच्या वाहकांत तो होता. सूसी आणि चुमा नंतर आले, अंत्ययात्रा संपल्यावर. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशा संपादित करणाऱ्या होरेस वॉलरने शेवटच्या दिवसांसाठी मुख्यतः या दोघांच्या सांगण्यावर भिस्त ठेवली. जेकबने स्वतः डायरी लिहिली होती, इंग्रजीत. तिचा जर्मन अनुवाद त्याच वर्षी एका भूगोलविषयक नियतकालिकात आला. जेकबचं मूळ इंग्रजी मात्र कपाटात पडून राहिलं. सभांमधून हिंडवलेल्या या तरुणाच्या डोक्यात हवा गेली, असे शेरेही लवकरच सुरू झाले. लिहिता-वाचता येणारा, सुटाबुटातला आणि स्वतःचं मत असलेला आफ्रिकन माणूस दुरून पाहायला ठीक, जवळ आला की अवघड वाटे.

इकडे बार्टल फ्रियर १८७३ मध्ये झांझिबारच्या वाटाघाटीसाठी गेला होता. ५ जून १८७३ रोजी सुलतान बर्गाशने करारावर सही केली, समुद्रमार्गे गुलाम नेण्यावर बंदी आली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सोडवलेल्या गुलामांना आता हिंदुस्थानात नेण्याचं कारण उरलं नाही. आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसाहत करावी आणि तिथे नाशिकला तयार झालेली माणसं पुढारी म्हणून न्यावीत, असं फ्रियरने सुचवलं. ज्याने शरणपूर वसवलं त्याच प्राइसला सोसायटीने १८७४ च्या अखेरीस मोंबासाला धाडलं. बरोबर जेकब वेनराइट होता. मोंबासा बेटासमोरच्या किसौनीला जमीन घेतली गेली आणि वसाहतीला फ्रियर टाउन हे नाव पडलं. १८७५ पर्यंत नाशिक-मुंबईकडचे सुमारे दीडशे आफ्रिकन तिथे पोहोचले. शरणपूरचा आश्रम मिटला आणि तिथे राहिली ती मराठी ख्रिस्ती वस्ती.

फ्रियर टाउनचा आराखडा शरणपूरचाच होता. मध्ये प्रार्थनागृह, शाळा, सुतार-लोहारांची शेड, ओळीने घरं, आणि वेळ पाळायला घंटा. ती घंटा मोंबासात अजून आहे, आणि तिच्यावरून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. आरमाराची जहाजं सोडवलेली माणसं आणून उतरवत. समोर उभे असत ते नाशिकचे आफ्रिकन, इंग्रजी बोलणारे, अंगात कोट, हातात कसब. त्यांना सगळे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले, आणि तेही स्वतःला तेच म्हणवून घेत. हिंदुस्थानात ते आफ्रिकन होते. आफ्रिकेत आल्यावर मुंबईचे झाले.

कुणीतरी मुद्दाम घडवल्यासारखा हा मधला थर होता आणि मधल्या थराचं जे होतं तेच त्यांचं झालं. गोऱ्या पाद्र्यांना ते हाताखाली हवे होते, बरोबरीने नको होते. पगार, घरं आणि कारभारातला अधिकार यांवरून खटके उडत राहिले. वसाहतीचा गोरा व्यवस्थापक स्ट्रीटर याने शिस्तीच्या नावाखाली फटके मारण्याचा सपाटा लावला. त्याचा बोभाटा झाला, चौकशी बसली, आणि १८८१ मध्ये प्राइसला पुन्हा येऊन घडी बसवावी लागली. गुलामीतून सोडवलेल्यांच्या गावात चाबूक चालावा, यावर टिप्पणी करायची गरज नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. हे बॉम्बे आफ्रिकन स्वतःला नव्याने आलेल्यांहून वरचे समजत आणि स्थानिक मिजिकेंदा शेतकऱ्यांना अडाणी मानत. नाशिकने त्यांना हत्यारांबरोबर साहेबाचा तोराही दिला होता.

विल्यम जोन्सने मात्र तो तोरा वेगळ्या कामी लावला. रबाईचं ठाणं त्याच्याकडे होतं. आसपासच्या अरब आणि स्वाहिली मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे येऊ लागले. कायद्याने ते धन्याची मालमत्ता होते, कारण १८७३ च्या कराराने समुद्रावरचा व्यापार थांबला होता, जमिनीवरची गुलामी नव्हे. भांडण ओढवू नये म्हणून पळून आलेल्यांना थारा देऊ नका, असं सोसायटीचं धोरण होतं. जोन्स स्वतः विकला गेलेला माणूस. रबाईत झोपड्या वाढत गेल्या.

मधल्या काळात, ३१ मे १८८५ रोजी, बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेच्या त्या मिशनमधले हे पहिले आफ्रिकन दीक्षित. दोनच महिन्यांनी जोन्स बिशपबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. वाटेत तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या ताब्यात ठेवून हॅनिंग्टन पुढे गेला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात मारला गेला. जोन्सने वाट पाहिली, खबर पक्की केली आणि उरलेल्या माणसांना घेऊन तो शेकडो मैल मागे आला. फेब्रुवारी १८८६ मध्ये तांडा रबाईला पोहोचला तेव्हा पुढच्या माणसाच्या हातात निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’ हा बायबलमधला शोकाचा शब्द शिवलेला होता. आपल्या दुःखाचं निशाण कसं असावं, हे आता हे लोक स्वतः ठरवत होते.

१८८८ मध्ये पळून आलेल्या गुलामांचं प्रकरण चिघळलं. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने किनाऱ्याचा कारभार नुकताच हाती घेतला होता. मळेवाले गुलाम परत मागत होते आणि हाणामारीची भाषा करत होते. मिशनच्या ठाण्यांतल्या पळपुट्यांची मोजदाद झाली, तेव्हा आकडा सुमारे १,४०० निघाला. त्यांतले बहुतेक रबाईत होते. मिशनवाल्यांचे डोळे पांढरे झाले. कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने धन्यांना भरपाई देऊन प्रश्न मिटवला आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत मुक्ततेचे दाखले वाटले गेले. इंग्रजी वृत्तान्तांत या दिवसाचं श्रेय मॅकेन्झीला जातं. पैसे त्याने दिले हे खरं. पण दाखले घ्यायला तिथे इतकी माणसं उभी होती, ती जोन्सने आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं आसरा दिला म्हणून. नाशिकच्या शरणपुरात वाढलेल्या माणसाने आफ्रिकेत आपलं शरणपूर केलं होतं आणि तेही मिशनला न विचारता. त्या किनाऱ्यावर गुलामी कायद्याने संपायला १९०७ साल उजाडावं लागलं.

नंतरची उतरण जलद झाली. १८९६ ते १९०१ दरम्यान युगांडा रेल्वे झाली, तीही हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या हातांनी, आणि ब्रिटिश वसाहतीचा गुरुत्वमध्य किनाऱ्यावरून नैरोबीकडे सरकला. मिशनचं लक्षही तिकडे गेलं. फ्रियर टाउनचं धर्मशिक्षणाचं विद्यालय १९३० मध्ये लिमुरूला हललं. जेकब वेनराइट १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला होता. चेंग्विम्बे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, मोंबासात १९३५ पर्यंत जगला. लिव्हिंग्स्टनचा शेवटचा सोबती म्हणून लोक त्याला बघायला येत.

त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९३४ मध्ये, फ्रियर टाउनच्या जेम्स म्बोटेला यांचं ‘उहुरु वा वातुम्वा’ हे गुलामांच्या मुक्तीविषयीचं पुस्तक स्वाहिलीत निघालं. म्बोटेलांचे वडील सोडवलेले याओ. त्यांची धरपकड, गलबत, इंग्रजी जहाज, फ्रियर टाउनमधले दिवस आणि बॉम्बे आफ्रिकनांशी आलेला संबंध हे सगळं मुलाने घरात ऐकलं होतं. पुस्तकात इंग्रजांविषयीची कृतज्ञता ओसंडून वाहते आणि नंतरच्या टीकाकारांना ती खटकली. ती खटकण्याजोगी आहेच. तरीही ही कहाणी पहिल्यांदा किनाऱ्याच्या बोलीत, त्याच वस्तीतल्या माणसाने सांगितली होती आणि नायक लिव्हिंग्स्टन नव्हता.

चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, जोमो केन्याटांचं गिकुयू समाजावरचं ‘फेसिंग माउंट केन्या’ आलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. केन्याटांकडे पर्वत आहे, जमीन आहे, कुळांची वंशावळ आहे, आणि ती हिरावली जात आहे म्हणून ते भांडतात. म्बोटेलांकडे यातलं काही नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीने संस्कृतीचा दावा जमात आणि जमीन यांवर उभा केला. तो योग्यही होता, कारण गोऱ्या मळेवाल्यांनी जमीनच घेतली होती. पण ज्यांची जमात किलव्याच्या बाजारात विस्कटली आणि ज्यांची जमीन मिशनच्या नावावर होती, त्यांची त्या मांडणीत पंचाईत झाली. याच घराण्यातले टॉम म्बोटेला केनिया आफ्रिकन युनियनचे उपाध्यक्ष झाले. ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाच्या हिंसक मार्गाला विरोध करणारे म्हणून ते ओळखले जात, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये नैरोबीत त्यांचा खून झाला.

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. त्यानंतर नावांचा प्रश्न साऱ्या खंडात ऐरणीवर आला. झैरमध्ये मोबुटूने ख्रिस्ती नावांवर बंदीच घातली. केनियात न्गुगी वा थिओंगो यांनी ‘जेम्स’ टाकून दिलं आणि कादंबऱ्या गिकुयूत लिहायला घेतल्या. त्यांच्याकडे परत जायला एक नाव होतं. वेनराइट, सेमलर, जोन्स यांच्या नातवंडांपुढे पेच निराळा होता. नाशिकला मिळालेलं नाव टाकायचं तर त्याखाली दुसरं नाव कुठे होतं? चारपाच पिढ्या चाललेलं ते परकं नाव आता त्यांच्या कुळाची एकमेव खूण होती.

या माणसांना इतिहासात जागा मिळायला अभ्यासकांची आणखी एक पिढी जावी लागली. अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाचे जोसेफ हॅरिस हे आफ्रिकी वंशाचे इतिहासकार भारतातल्या आफ्रिकनांचा माग काढत फ्रियर टाउनपर्यंत गेले. १९७७ मध्ये त्यांनी जेम्स म्बोटेलांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि दहा वर्षांनी केनियात परतलेल्या या लोकांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे प्रदर्शन भरवलं. जेकबने कोरलेलं चिटांबोच्या झाडाचं खोड याच सोसायटीकडे आहे. १८९९ मध्ये ते कापून लंडनला नेलं गेलं. इतकी वर्षं ते लिव्हिंग्स्टनची आठवण म्हणून दाखवलं जाई. कोरणाराचा विचार फार उशिरा सुरू झाला. त्याच्या डायरीचं मूळ हस्तलिखित, १८७४ मध्ये जर्मनमध्ये छापलेली तीच डायरी, २०१९ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं झालं.

मराठीत मात्र हा विषय अजून कोराच म्हणावा लागेल. शरणपूरमधून गेलेली पत्रं आणि अहवाल चर्च मिशनरी सोसायटीच्या कागदपत्रांत बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. नाशिकच्या बाजूचा तपशील १८८३ च्या गॅझेटियरमध्ये, गावाच्या वर्णनात येतो. पण कारखान्यात या पोरांना सुतारकाम शिकवणारे मराठी कारागीर कोण होते, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांशी त्यांचे सोयरसंबंध जुळले का, १८७५ मध्ये कुणी मागे राहिलं का, हे विचारायला नाशिकच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांपासून आणि मोंबासातल्या जोन्स, सेमलर, फरार आडनावाच्या घरांपासून सुरुवात करावी लागेल.